उत्तर काठावरची कडुनिंबाची डहाळी

१

"दुसऱ्याच्या घरीं गेलीस, तर कशा आहांत म्हणून विचारीत बसूं नको, विशालाक्षी. लोक बरें आहे म्हणतात. तूं चुलीकडे बघ."

आमच्या सासूबाई हे सांगायच्या तेव्हा स्वतः चुलीपुढे बसलेल्या असायच्या, आणि माझ्याकडे पाहतही नसायच्या. त्या गेल्या, सांगणं राहिलं. ते कधी एखाद्या तपासाला उपयोगी पडेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

त्या साली माघात महामखम होतं. बारा वर्षांनी एकदा गंगा-यमुनेसकट सगळ्या नद्या आमच्या कुंभकोणच्या तलावात उतरतात, आणि त्यांच्यामागून लाखो माणसं येतात. नद्यांना उतरायला जागा लागत नाही, माणसांना लागते. त्यातून भाताचा भाव असा कोसळलेला की शेत असलेलाच माणूस रडत होता. ज्याच्या गाठीला काही होतं, तो शेताकडे पाठ करून घराकडे वळला. तलावाच्या काठची घरं दर आठवड्याला महाग होत होती. कुणी ओसरी भाड्यानं दिली, कुणी गोठ्याला चुना फासून "हवेशीर जागा" म्हणून पाटी लावली. गाय कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

मी रोज पहाटे तलावावर स्नान करून काठावरच्या सोळा मंडपांना नमस्कार करीत फिरते. पोंगल होऊन थोडेच दिवस झाले होते. उत्तर काठावर स्वामीनाथ अय्यरांच्या दारापुढे आले आणि माझे पाय थांबले.

चौकटीवर कडुनिंबाची डहाळी बांधलेली होती.

आमच्या मुलखात दारावर अशी डहाळी दिसली की काही विचारायचं नसतं. त्या घरात देवी आलेल्या असतात. पाहुण्यानं परत फिरायचं, भिकाऱ्यानं पुढच्या दारी जायचं. मी हात जोडले आणि घाईनं घरी आले.

दुपारपर्यंत गावभर झालं. म्युनिसिपालिटीचा आरोग्य-इन्स्पेक्टर आला, त्यानं त्या घरातल्या प्रत्येकाचे हात, पाठ, जीभ तपासली. अंगावर एक फोड नाही, ताप नाही. स्वामीनाथ, त्यांची म्हातारी आई आणि मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी फुलवाली शिवकामी, सगळे ठणठणीत होते.

म्हणजे देवी आल्याच नव्हत्या. डहाळी कुणीतरी मुद्दाम बांधली होती.

तरी जे व्हायचं ते झालं. मदुरेच्या एका मंडळीनं ते घर महामखासाठी ठरवलं होतं, त्यांनी निरोप पाठवून मोडलं. शेजारच्यानं घाबरून स्वतःच्या ओसरीचं भाडं उतरवलं, ते बघून त्याच्या शेजारच्यानं. संध्याकाळपर्यंत सगळा उत्तर काठ खाली आला होता, तोही एका डहाळीनं.

दुसऱ्या दिवशी शिवकामी फुलं घेऊन आली. रोज मोगरा मोजता मोजता माझ्याशी हसते. त्या दिवशी परडी ठेवून ती दाराशीच बसली आणि तान्ह्याला पदराखाली घेऊन रडू लागली.

"मामी, मालक म्हणतात डहाळी मीच बांधली. घर विकलं की मला निघावं लागणार म्हणून. उद्याच खोली रिकामी कर म्हणाले. या दिवसांत गावात मला खोली कोण देणार? गोठ्यालासुद्धा मला परवडणार नाही असं भाडं आहे."

"तू बांधलीस?"

तिनं फक्त बाळाकडे पाहिलं.

मी त्याच पावली स्वामीनाथांकडे गेले आणि शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं. "मामी, तुमच्या शब्दाखातर थांबतो," ते म्हणाले. "पण शुक्रवारी संध्याकाळी एक नाव पाहिजे. नाही तर ती बाहेर."

२

ते घर विकत घेणारे होते आमचे हनुमंतराव. पेन्शनीत निघालेले, तंजावरच्या जुन्या मराठी दरबारी घराण्यातले, आणि त्यांची बायको जयलक्ष्मी ही माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मी स्वामीनाथांकडून परत येते तो हनुमंतराव माझ्याच ओसरीवर पगडी मांडीवर घेऊन बसलेले.

"अक्का, न्याय करा."

"काय जालें, हनुमंतराव?"

"काय जालें म्हणून काय विचारतां! विसार दिला, मुहूर्त काढला, आणि आतां देवीच्या घराचें खरेदीखत कोण करील? सब-रजिस्ट्रारसुद्धा म्हणतो, डहाळी उतरूं द्या, मग या. तिकडे कर्ज देणारे निधीवाले विचारतात, राहत्या घराच्या गहाणावर सही करतां कीं नाहीं."

"राहतें घर गहाण घालतां?"

"महामखापुरतें! भाडें येईल, सोडवून घेईन. भाव चढतो आहे, अक्का. चढत्या गाडींत बसलें पाहिजे."

"जयलक्ष्मी काय म्हणते?"

त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "ती कांहीं म्हणत नाहीं. तेंच तर. तुमची मैत्रीण रुसली आहे. कढी वाढते ती दुधासारखी पांढरी. मोहरी नाहीं, हिंग नाहीं. काल वांगें केलें तें उकडून! आमच्या पूर्वजांनीं राजवाड्यांत पंक्ती उठवल्या, आणि मी उकडलेलें वांगें मीठ लावून खातों."

मला हसू आवरेना. "पापड तरी तळून मागा."

"मागितला. भाजून दिला."

मी म्हटलं, बायको रुसली की दुसरं काय करणार, आणि ते बोलणं तिथेच सोडून दिलं. सोडायला नको होतं.

३

गुरुवारी मी स्वामीनाथांच्या घरात शिरले. गुरुवारी माझा उपास असतो, आणि उपास करणाऱ्या बाईचं नाक फार तीक्ष्ण असतं. दारातच तळणीचा वास आला. स्वामीनाथांच्या आई चुलीपुढे बसून अप्पळम, म्हणजे पापड, तळीत होत्या.

"ये, ये. सगळे येतात आणि डहाळी बघून उंबऱ्यावरून पळतात. तू बरी आत आलीस."

"आजी, घरावर डहाळी असताना तळता?"

"देवी आल्या असत्या तर तळलं असतं का? तेव्हा घरात ना फोडणी, ना तळण, ना डोक्याला तेल. इन्स्पेक्टरनं माझी जीभसुद्धा बाहेर काढून पाहिली. या वयात! म्हटलं, बघ बाबा, खोटं बोलून बोलून काळी झाली असेल." त्या खुदकन हसल्या. मग आवाज उतरला. "पण डहाळी काही मी काढणार नाही. स्वामीनाथही नाही. कुणी का बांधली असेना, बांधली ती देवीच्या नावानं. पाठवणी केल्याशिवाय हात कोण लावणार?"

मी बाहेर येऊन चौकटीकडे नीट पाहिलं. पानांची टोकं खाली, दोरा हळदीत बुडवलेला, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हळदीचं बोट. घाईत अडकवलेली डहाळी नव्हती ती. बांधणाऱ्यानं, किंवा बांधणारीनं, आधी हात जोडले असणार.

मागच्या अंगाला शिवकामीच्या खोलीचं दार वेगळं आहे. ती रस्समला फोडणी देत होती. मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, आणि मला माझा उपास फार मोठा वाटू लागला.

"मालकांना सांगा मामी," ती म्हणाली, "माझ्या बाळाला अजून देवी टोचलेल्या नाहीत. कोणती आई स्वतःच्या डोक्यावर ती डहाळी बांधील? देवीला खोटंखोटं बोलावतात का? ती खरी आली म्हणजे?"

हे मला पटलं. स्वामीनाथांनाही तेच लागू होतं. घरात म्हातारी आई असताना ते असा खेळ करणार नाहीत, आणि विक्री मोडायची असती तर विसार परत करून मोकळे झाले असते.

"तुला जेवायला आहे ना?" मी विचारलं.

"आहे. जयलक्ष्मीअम्मा दूध पाठवतात बाळाला. ही गडबड झाली त्या दिवसापासून, रोज. फार मोठं मन त्यांचं."

मी मान हलवली. जयलक्ष्मीचं मन मोठं आहे, यात शंका नव्हती.

तेवढ्यात स्वामीनाथ मागच्या दारी आले. "मामी, तुम्ही भलत्या दारी वेळ घालवता. ज्याला हे घर स्वस्तात पाहिजे होतं त्याला विचारा. भांड्यांचे व्यापारी चंद्रमौली. मागच्या महिन्यात येऊन निम्मी किंमत बोलून गेले, वर हसले."

४

चंद्रमौलींचं पितळी भांड्यांचं दुकान घराच्या पुढच्या भागात आहे. मागून मुरुक्कूच्या चकल्या तळल्याचा वास येत होता, आणि खुद्द चंद्रमौली एका समईचा पाय ठोकून बघत होते.

"या, विशालाक्षीअम्मा. डहाळीसाठी आलात ना? सगळं गाव माझ्याकडेच बघतंय. मुरुक्कू घ्या."

"आज उपास आहे."

"मग घरी न्या. मी काही अशी डहाळी बांधत नाही. माझा देवीवर विश्वास कमी, टोचणीवर जास्त. आणि बांधलीच असती तर काथ्यानं करकचून बांधली असती. हळदीचा दोरा मला कुठून सुचणार?"

"पण घर तुम्हाला हवं आहे."

"हवं आहे. आत्ता नको." त्यांनी समई खाली ठेवली. "अम्मा, भांडं कधी घ्यावं? लग्नसराईत नाही. सराई संपली की. महामखम माघात. फाल्गुनात या काठावर येऊन बघा. यात्रेकरू गेलेले, गोठे रिकामे, भाडेकरू नाही, आणि ज्यांनी कर्जानं घेतलं ते किल्ल्या हातात घेऊन माझ्या दुकानात. मी तेव्हा घेईन. आत्ता भाव पाडून मला काय मिळणार? मला नुसतं थांबायचं आहे."

हे बोलणं कठोर होतं, पण सरळ होतं.

"मागच्या महामखाला हेच पाहिलं," ते पुढे म्हणाले. "तुमच्या जयलक्ष्मीअम्मांचे वडील, अप्पाजी. देवमाणूस. चढत्या भावात दोन घरं घेतली, राहतं घर तारण ठेवून. माघ सरला आणि दोन्ही घरांना कुलूप. शेवटी राहत्या घरालाही. मुलीच्या घरी जाऊन राहावं लागलं त्यांना. जावयाच्या घरी! आतल्या खोलीतून बाहेर येत नसत, आठवतं ना?"

आठवत होतं. अप्पाजी ताटावर बसले की आधी जावयाकडे बघत, जणू परवानगी मागत. जयलक्ष्मी तेव्हा भात वाढता वाढता दुसरीकडे तोंड फिरवायची.

मी दुकानाची पायरी उतरले, आणि उन्हात तशीच उभी राहिले. तीन घरं फिरले होते. तिन्ही घरांत तेल तापत होतं. देवीची डहाळी एका दारावर होती, पण त्या दारामागे कुणी तिचा नेम पाळत नव्हतं.

मग नेम पाळत होतं कोण?

५

शुक्रवारी दुपारी जयलक्ष्मीकडे गेले. आमच्या गावात शुक्रवारी बायका डोक्याला तेल लावून न्हातात, केस वाळवीत ओट्यावर बसतात, आणि एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतात. जयलक्ष्मी स्वयंपाकघरात एकटी ताक घुसळत होती. केस कोरडे, राखेसारखे. चुलीजवळच्या खुंटीला तळणीची कढई उलटी टांगलेली.

बाहेर झोपाळ्यावर हनुमंतराव होते. कड्यांचा करकर आवाज आत येत होता.

"बस, विशालाक्षी. ताक घेशील?"

"घेईन. जयलक्ष्मी, देवी कधीं पाठवणार?"

रवी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुठली देवी?"

"जी तूं बोलावलीस."

बाहेर झोपाळा करकरत होता. मी आवाज अगदी खाली ठेवला.

"डहाळी बांधणारा देवीला भिणारा असला पाहिजे. हळदीचा दोरा, खालीं टोकें, चौकटीला बोट. म्हणजे चंद्रमौली नव्हेत. आणि देवीला भिणारा माणूस स्वतःच्या मुलाबाळांवर ती डहाळी बांधीत नाहीं. म्हणजे शिवकामी नव्हे, स्वामीनाथही नव्हेत. मग उरला तो त्या दाराबाहेरचा भाविक, ज्याला ती विक्री होऊं द्यायची नव्हती. मी घरें फिरलें. सगळीकडे तळण चालू. एकाच घरांत फोडणी बंद आहे, आणि त्या घराच्या दाराला डहाळी नाहीं. खोटें बोलावलेंस, पण पाहुणचार खरा केलास. तिला उपाशी, अपमानित कशी ठेवणार होतीस तूं?"

जयलक्ष्मीच्या डोळ्यांतून पाणी ताकात पडलं असतं, मी भांडं ओढून घेतलं.

"पहाटे तुझ्या पुढेंच निघालें होतें मी," ती म्हणाली. "हातांत फुलांची परडी. कोण बघतें परडींत? बांधतांना देवीला म्हटलें, आई, रागावूं नको. तुला बोलावलें आहे तर तुझें सगळें मी करीन, तूं फक्त दारांत उभी राहा. माघ सरेपर्यंत ह्यांची सही होऊं देऊं नको. तिकडे त्या दारांत उभी राहा आणि इकडे माझ्याकडे जेव."

"सांगायचें होतेंस ह्यांना."

"सांगितलें नाहीं? जेवतांना सांगितलें, झोपतांना सांगितलें. हे म्हणतात, तुझ्या वडिलांची गोष्ट वेगळी. प्रत्येकाला आपली गोष्ट वेगळी वाटते, विशालाक्षी. अप्पांनाही वाटली होती. उद्यां म्हातारपणीं हेही ताटावर बसून कोणाच्या तरी तोंडाकडे..."

"आणि शिवकामी?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला वाटलें, स्वामीनाथ देवीला दोष देतील. माणसाला देतील असें मनांत आलें नाहीं. दूध पाठवतें रोज. दुधानें काय होतें? रोज वाटतें जाऊन सांगावें. दारापर्यंत जातें आणि ह्यांची अब्रू आठवते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की करकर केव्हाच थांबली होती.

हनुमंतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पगडी नव्हती. पगडीशिवाय ते फार वयस्क दिसतात. मला वाटलं आता आवाज चढेल, आणि मी मनात नाम घेऊ लागले.

"म्हणजे," ते म्हणाले, "तूं रुसली नव्हतीस?"

"नाहीं."

"मी रोज म्हणत होतों, वांग्यानें असें काय केलें." ते उंबऱ्यावरच बसले. ते कधी तिथे बसत नाहीत. "अप्पाजी इथें जेवायला बसायचे, तेव्हां मी मुद्दाम लवकर उठायचों. त्यांना मोकळें वाटावें म्हणून. तुला ठाऊक होतें?"

"होतें."

"आणि तरी मी तेंच करायला निघालों होतों." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "निधीला नाहीं म्हणून कळवतों. विसार गेला तर गेला. स्वामीनाथांनाही मीच सांगेन, घर घेत नाहीं, माझी मर्जी. डहाळीचें नांव कशाला निघायला पाहिजे?"

ते मोठ्या मनानं म्हणत होते, हे खरं. क्षणभर मलाही वाटलं, होऊ दे असंच. घर वाचलं, अब्रू वाचली. पण संध्याकाळ जवळ आली होती, आणि शिवकामी बाळाची दुपटी बांधीत बसली असेल.

"मग डहाळी कोणी बांधली म्हणून त्यांनी विचारलें तर?" मी म्हटलं. "शिवकामीचेंच नांव राहील."

जयलक्ष्मीनं डोळे पुसले, उठली, आणि हात धुतले.

"नाहीं राहणार," ती म्हणाली. "विशालाक्षी, तुझ्यासमोर बोलतें, म्हणजे मागें फिरतां येणार नाहीं. तिची खोली जाणार नाहीं. स्वामीनाथांना मी माझ्या तोंडानें सांगतें, त्यांच्या आईसमोर, शिवकामीसमोर. त्यावरही त्यांनी तिला ठेवली नाहीं, तर आमची मागची खोली तिची. आतां जें भाडें देते त्यांत. महामखम असो कीं नसो."

"मागच्या खोलींत माझीं जुनीं कागदपत्रें आहेत," हनुमंतराव म्हणाले.

"तीं माळ्यावर चढवा."

"सगळीं?"

"सगळीं. आणि केरही काढा. कोळिष्टकें आहेत."

हनुमंतरावांनी कोपऱ्यातल्या केरसुणीकडे पाहिलं. जन्मात त्यांनी ती उचलली नसेल. त्यांनी ती उलट्या बाजूनं धरली, पण धरली.

मी उठून चपला शोधू लागले. "मी येतें तुझ्याबरोबर."

"तूं नको." जयलक्ष्मीनं माझा हात दाबला. "तूं आलीस तर तूंच गोड शब्दांत बोलशील आणि मी मागें उभी राहीन. ओळखतें मी दोघींनाही."

तिनं एका तांब्यात हळदीचं पाणी घेतलं. डहाळी उतरवताना लागतं. कोरडे केस हातानं सारखे करून घट्ट आंबाडा घातला. मागच्या खोलीतून काहीतरी धडाडकन पडल्याचा आणि त्यापाठोपाठ हनुमंतरावांच्या शिंकेचा आवाज आला. तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं.

मागच्या बोळानं गेली असती तर कुणाला दिसली नसती. तिनं पुढचं दार उघडलं. शुक्रवारच्या त्या वेळेला सगळ्या ओट्यांवर बायका केस वाळवीत बसल्या होत्या. पदर खांद्यावर नीट घेऊन, तांब्या दोन्ही हातांत धरून ती पायरी उतरली आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून उत्तर काठाकडे चालू लागली.